पिरपिर : रडणं आणि बोलणं यांच्या मधला आवाज

एखाद्या पक्षाने मतमोजणीबद्दल तक्रार केली, की समोरचा पक्ष लगेच म्हणतो, ‘यांचं रडगाणं सुरू झालं.’ हरलेल्या कर्णधाराने खेळपट्टीला दोष दिला, तर दुसऱ्या दिवशी मथळ्यात तोच शब्द. समाजमाध्यमांवर ‘रडू नका’ एवढ्या दोन शब्दांत समोरच्याचा मुद्दा निकालात काढला जातो. आणि घरात तीन वर्षांच्या मुलाला आपण दिवसातून कितीदा तरी सांगतो, ‘पिरपिर बंद कर.’

या सगळ्या बोलण्यामागे एकच कल्पना आहे. डोळ्यांत पाणी आणून किंवा आणल्यासारखं करून, आवाज बारीक आणि लांब करून, तीच मागणी किंवा तीच तक्रार पुन्हा पुन्हा करणं. याला रडणं म्हणायचं की बोलणं? ते मुद्दाम केलेलं असतं की आपोआप होतं? आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते एवढं का जातं? त्यासाठी आधी शब्दाकडे बघू, मग आवाजाकडे.

नावातच आवाज आहे

‘पिरपिर’ हा व्याकरणाच्या भाषेत अभ्यस्त शब्द आहे. म्हणजे ज्यात एखादा अक्षरसमूह पुन्हा येतो असा शब्द. त्यातही तो अनुकरणवाचक, म्हणजे आवाजाची नक्कल करून बनलेला. किरकिर, कुरकुर, भुणभुण, कटकट ही सगळी त्याचीच भावंडं. मराठीत अशा शब्दांची रेलचेल आहे, आणि ते एकमेकांच्या जागी सहज बसतील असं वरवर वाटतं. पण तसं होत नाही.

कुरकुरीत पाणी नसतं. नको असलेलं काम करताना माणूस तोंडातल्या तोंडात नाराजी बोलून दाखवतो, ती कुरकुर. म्हणून तर ‘कुरकुरत का होईना, पण काम केलं’ असं म्हणता येतं. भुणभुण कानाशी होते. तिच्यात मागणी असते, चिकाटी असते, पण रडवेपणा असायलाच हवा असं नाही. कटकट तर माणसाचीच असावी लागत नाही. कागदपत्रांची असते, बिघडलेल्या यंत्राची असते. किरकिर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत कोणाचीही असू शकते, आणि रातकिड्यांचीही.

पिरपिरीत मात्र रडू अगदी काठावर आलेलं असतं. ते सांडत नाही आणि आतही जात नाही. हाच शब्द आपण पावसालाही लावतो. धड कोसळून मोकळा होत नाही, धड थांबत नाही, बारीक बारीक चालूच राहतो, त्या पावसाची पिरपिर. मुलाच्या रडण्याचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. धो धो पाऊस आला की माणूस आडोसा शोधतो आणि तो सरेपर्यंत वाट बघतो. पिरपिरीत ते जमत नाही, कारण ती कधी सरणार याचा अंदाजच लागत नाही.

मोठ्या रडण्यासाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत: हंबरडा फोडणं, टाहो फोडणं, धाय मोकलून रडणं, ओक्साबोक्शी रडणं. ती माणसं दुःखात आहेत हे शब्दच कबूल करतात. ‘मुसमुसणं’ आणि ‘स्फुंदणं’ यांत आवाज लहान आहे, पण तिथेही बोलणाऱ्याची सहानुभूती रडणाऱ्याकडे असते. ‘भोकाड पसरणं’ आणि ‘गळा काढणं’ म्हटलं, की ती आटू लागते. ‘पिरपिर’ आणि ‘रडगाणं’ इथपर्यंत येताना ती संपलेली असते.

हा शब्द कोण कोणाला लावतं?

‘मी रडलो’ हे वाक्य सगळेच बोलतात. ‘मी कुरकुर केली’ हेही कधीतरी कबूल करतात. पण ‘मला बरं वाटत नव्हतं म्हणून मी जरा पिरपिर केली’ असं कोणी स्वतःबद्दल गंभीरपणे सांगत नाही. पिरपिर नेहमी दुसऱ्याची असते.

तिच्यासोबत येणारं क्रियापदही पाहा. ‘काय पिरपिर लावलीय!’, ‘कसलं रडगाणं लावलंस?’ या ‘लावणं’मध्ये एक आरोप आहे. हे आपोआप होत नाहीये, तू ते चालू केलंयस आणि तुला ते बंद करता येईल, असा. रडणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते नेहमीच खरं असतं असं नाही.

म्हणजे हा शब्द आवाजाचं वर्णन जेवढं करतो, तेवढंच ऐकणाऱ्याचा धीर संपल्याचंही सांगतो. एकच वाक्य, त्याच सुरात, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विनवणी वाटतं आणि विसाव्यांदा ऐकणाऱ्याला पिरपिर. सांगणारा तोच आहे, सांगणंही तेच आहे. या लेखातली बाकी सगळी माहिती मला या एका मुद्द्यासाठी महत्त्वाची वाटते.

त्या सुरात असतं तरी काय?

‘मला नाही जायचं’ हे वाक्य एकदा सरळ म्हणा. आता तेच असं म्हणा: ‘मलाऽऽ नाऽऽही जाऽऽयचं नाऽऽ’. शब्द जवळपास तेच, पण तीन गोष्टी बदलल्या. आवाजाची पट्टी वर गेली. स्वर ताणले गेले, त्यामुळे बोलण्याचा वेग मंदावला. आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी सूर वर चढून खाली घसरला. चौथी गोष्ट कानाला कळते, पण लिहून दाखवता येत नाही: आवाज नाकात गेला. शेवटी आलेला तो ‘ना’ मराठी मुलांचं खास हत्यार आहे. त्याला स्वतंत्र अर्थ फारसा नाही, पण ताणायला तो फार सोयीचा आहे.

गंमत म्हणजे उंच पट्टी, मंद वेग आणि सुरांचे मोठे चढउतार या तिन्ही गोष्टी आणखी एका बोलण्यात असतात. आपण तान्ह्या बाळाशी बोलतो ना, ‘काऽऽय झालं माझ्या सोनूलाऽऽ’, त्यात. मोठी माणसं बाळाचं लक्ष वेधायला जो सूर लावतात, त्याच्याच जवळचा सूर मूल मोठ्यांचं लक्ष वेधायला लावतं. एक कानाला गोड लागतो, दुसरा टोचतो, पण लक्ष खेचून घेण्याचं काम दोन्ही करतात.

हा सूर सर्वांत जास्त ऐकू येतो तो साधारण अडीच ते चार वर्षं या वयात. मुलाला तेव्हा शब्द आलेले असतात, पण मनात जे चाललंय ते सगळं मांडायला पुरतील इतके नसतात. नुसतं रडण्याचं वय मागे पडत असतं आणि नीट समजावून सांगण्याचं वय अजून दूर असतं. मधल्या काळात मूल दोन्ही एकत्र करतं: शब्द बोलीतले, सूर रडण्याचा.

आणि डोळ्यांतलं पाणी?

अश्रू तीन प्रकारचे असतात. डोळा ओला ठेवणारे, जे सतत थोडे थोडे पाझरत असतात. धूर, धूळ किंवा कांद्याने येणारे. आणि भावनेने येणारे. पाण्याचा मोठा लोट येतो तो डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीतून. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात त्याचा निचरा होण्याची वाट आहे आणि ती नाकात उघडते. म्हणून रडताना नाक वाहतं आणि आवाज आणखी गेंगाणा होतो.

रडण्याचा आवाज आणि अश्रू जन्मापासून जोडीने येत नाहीत. मानवी भावना चेहऱ्यावर कशा उमटतात याचा अभ्यास करणाऱ्या चार्ल्स डार्विनने १८७२ साली स्वतःच्या मुलाची एक बारीक नोंद छापली. बाळ ७७ दिवसांचं असताना डार्विनच्या कोटाची बाही चुकून त्याच्या डोळ्याला लागली. त्या डोळ्यातून भळाभळा पाणी आलं, बाळ जोरजोरात किंचाळलं, पण दुसरा डोळा कोरडाच राहिला किंवा किंचित पाणावला. रडताना अश्रू गालावरून ओघळले ते बाळ १३९ दिवसांचं झाल्यावर. सगळ्या बाळांचे दिवस सारखे नसतात. पण पहिल्या काही आठवड्यांत बाळं बहुधा कोरडीच रडतात, हे अनेक आयांना डार्विन न वाचताही ठाऊक असतं.

यावरून एक कळतं. रडण्याचा आवाज लांबवर पोहोचतो, तर अश्रू दिसायला समोरचा माणूस जवळ असावा लागतो. पिरपिर ही अशीच जवळच्या माणसापाशी करायची गोष्ट आहे. शाळेत दिवसभर शहाण्यासारखं वागलेलं मूल आई दिसताच पिरपिरायला लागतं, याचं कोडं अनेकांना पडतं. जिथे ऐकून घेतलं जाईल अशी खात्री वाटते, तिथेच हा सूर निघतो.

मग एवढा त्रास का होतो?

कारण आपलं लक्ष तिच्यावरून हटत नाही. रोझमेरी सोकोल चँग आणि निकोलस थॉम्पसन या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना साधी वजाबाकीची गणितं सोडवायला दिली आणि सोबत वेगवेगळे आवाज ऐकवले: बाळाचं रडणं, मुलाची पिरपिर, बाळाशी लाडाने बोलणं, नेहमीचं बोलणं, लाकूड कापणाऱ्या यंत्राचा कर्कश आवाज. लोकांची गणितं सर्वांत जास्त बिघडली ती पिरपिरीने. करवत परवडली, असा तो निकाल होता. ऐकणारा पुरुष आहे की बाई, त्याला मूलबाळ आहे की नाही, याने विशेष फरक पडला नाही.

हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. पिरपिरीने वैतागलेल्या आईला किंवा बापाला स्वतःचीच लाज वाटत असते. आपल्यालाच धीर नाही, आपल्यातच माया कमी आहे, असं वाटत राहतं. तसं नसतं. हा आवाज कोणाच्याही कानात असाच घुसतो.

ते सगळं नाटक असतं, नाही का?

हा आक्षेप हमखास येतो. ‘बघा, पाहिजे ते मिळालं की लगेच गप्प.’ खरं आहे, गप्प होतं. पण तहानलेला माणूस पाणी मिळाल्यावर मागायचा थांबतो, तेव्हा त्याची तहान खोटी होती असं आपण म्हणत नाही.

जेम्स ग्रीन, मायकेल पोटेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या आकांडतांडवाचे आवाज मुलांच्या कपड्यांत बिनतारी मायक्रोफोन बसवून टिपले आणि २०११ साली त्यांचं विश्लेषण मांडलं. किंचाळणं आणि ओरडणं एका गटात गेलं, ते रागाचे आवाज. रडणं, कुरकुरणं आणि पिरपिर दुसऱ्या गटात गेली, ते दुःखाचे. आधी राग आणि मग दुःख असा क्रम नव्हता. दुःखाचे आवाज जवळपास सबंध वेळ चालू होते आणि त्यांच्यावर मध्येच रागाचे उंच सुळके येत होते. म्हणजे आपल्याला हट्ट ऐकू येतो, तेव्हाही खाली दुःख चालू असतं.

मूल कधीच मुद्दाम करत नाही, असं मला म्हणायचं नाही. चार वर्षांच्या मुलाला या सुराचा उपयोग पक्का कळलेला असतो. पण उपयोग कळला म्हणून मूळ भावना खोटी ठरत नाही.

लाडावून ठेवल्यामुळेच होतं हे, असं म्हणतात

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली, बाळाच्या रडण्याला लगेच धावून जाणं. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी १९७२ साली असं मांडलं, की सुरुवातीच्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला तत्परतेने प्रतिसाद मिळाला, ती वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. तरी तान्ह्या बाळाला उचलून घेतल्याने ते बिघडतं, या जुन्या समजुतीला या कामाने मोठा धक्का दिला.

दुसरी गोष्ट आहे ती ‘नाही, नाही, नाही… बरं, घे बाई एकदाचं’ ही. इथे सवय लागते, आणि ती पक्की लागते. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांचं मोठं काम १९५७ साली प्रसिद्ध झालं. बटणावर चोचीने टोचल्यावर दाणा प्रत्येक वेळी मिळत असेल आणि मग तो बंद झाला, तर कबुतर लवकर टोचायचं थांबतं. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं असेल, तर तो बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ टोचत राहतं. याला अनियमित बक्षीस म्हणू. नऊ वेळा ‘नाही’ आणि दहाव्यांदा ‘बरं’ म्हणणारा पालक नेमकं हेच देत असतो. मूल त्यातून एवढंच शिकतं, की नऊ वेळा पिरपिर करावी लागते.

म्हणून द्यायचंच असेल तर पहिल्याच मागणीला द्यावं. नसेल द्यायचं, तर दहाव्या वेळीही देऊ नये. ऐकायला हे सोपं वाटतं. दिवसभर दमलेल्या माणसाला संध्याकाळी ते किती कठीण जातं, हे कोणी वेगळं सांगायला नको.

म्हणजे दुर्लक्ष करायचं?

कधी कधी, आणि बघूनच. १९५९ साली कार्ल विल्यम्स यांनी एका २१ महिन्यांच्या मुलाची हकीकत छापली. पहिल्या दीड वर्षातला बराच काळ ते मूल गंभीर आजारी होतं, मग बरं झालं. पण झोपताना कोणीतरी जवळ बसून राहावं म्हणून ते आकांत करायचं. पालकांनी त्याला नीट झोपवून खोलीबाहेर जायचं आणि परत आत जायचं नाही, असं ठरवलं. पहिल्या दिवशी ते ४५ मिनिटं रडलं. पुढच्या काही दिवसांत रडणं जवळपास संपलं. मग एक दिवस त्याला झोपवायला नात्यातल्या दुसऱ्या बाई आल्या, रडणं ऐकून त्या परत आत गेल्या, आणि सगळं पुन्हा सुरू झालं. ते दुसऱ्यांदा बंद करावं लागलं.

ही हकीकत पुष्कळदा ‘रडू दे, आपोआप थांबेल’ या सल्ल्याच्या पुराव्यासाठी सांगितली जाते. पण मूल बरं झालेलं होतं, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. कान दुखत असलेलं, दात येत असलेलं, ताप चढत असलेलं मूलही पिरपिरतच असतं, आणि त्याला काय होतंय ते सांगता येत नाही. एरवी हसरं असलेलं मूल अचानक सकाळपासून किरकिरं झालं असेल, खात नसेल, कान ओढत असेल किंवा मलूल वाटत असेल, तर आधी डॉक्टर. भूक आणि झोप या दोन गोष्टी त्याच्याही आधी तपासाव्यात. बरीचशी पिरपिर तिथेच संपते.

आणि दुर्लक्ष करायचं ते सुराकडे, मुलाकडे नाही. ‘तुला जायचं नाहीये, हे मला कळलं. नीट बोलून सांग, मी ऐकतोय’ असं म्हटलं, की मुलाला दुसरी वाट मिळते. नुसतं ‘पिरपिर बंद’ म्हटलं, तर ती मिळत नाही. नीट बोलून सांगितल्यावर खरोखर ऐकावं लागतं, हे मात्र आलंच.

मोठ्यांचं रडगाणं

भाषा आपल्याला दोन्हीकडून पढवते. एकीकडे ‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही’, म्हणजे मागितलं तरच मिळतं. दुसरीकडे ‘रोज मरे त्याला कोण रडे’, म्हणजे तीच व्यथा रोज ऐकली की कोणाला काही वाटेनासं होतं. या दोन म्हणींच्या मध्ये सापडलेल्या माणसाच्या तक्रारीचं रडगाणं होतं. त्याला सांगत राहावं लागतं, कारण काही बदललेलं नसतं. आणि सांगत राहिल्यामुळेच त्याचं कोणी ऐकत नाही.

‘रडगाणं’ या शब्दाला आवाजाशीही देणंघेणं उरलेलं नाही. पिरपिर म्हणायला निदान कानावर तो सूर पडावा लागतो. रडगाणं मात्र शांतपणे, आकडे देऊन लिहिलेल्या निवेदनालाही म्हणता येतं. सासरचा जाच सांगणारी मुलगी, महिनोन्महिने पगार थकलेला कामगार, अंगदुखीची कारणं शोधत दवाखाने पालथे घालणारी बाई, यांना हा शब्द फार सहज चिकटवला जातो. एकदा तो चिकटला, की मग तपासायचं काही राहत नाही. तक्रार खरी की खोटी हा प्रश्न बाजूला पडतो आणि ती करणाऱ्याचा स्वभाव हा विषय होतो. मला याचा राग येतो, कारण समोरच्याला उत्तर न देता गप्प करण्याची ही सर्वांत स्वस्त रीत आहे.

पण काही लोक खरंच रडके असतात

असतात. हरल्यावर नियम बदलायला बघणाऱ्याला मुलं खेळताना ‘रडीचा डाव खडी’ म्हणून चिडवतात, आणि ते रास्त आहे. तिथे तक्रार तपासता येते: नियम ठरलेला होता, सगळ्यांना माहीत होता, तो मोडला गेलेला नव्हता. तरीही कोणी भांडत असेल, तर तो रडीचा डाव.

मोठ्यांच्या बाबतीतही तीच कसोटी लावता येते. तक्रार करणाऱ्याला उत्तर मिळालं होतं का? मिळालं असेल आणि ते पुरेसं असेल, आणि तरी तेच तुणतुणं चालू असेल, तर रडगाणं म्हणा. उत्तर मिळालंच नसेल, तर तीच गोष्ट पन्नासाव्यांदा सांगणारा माणूस पहिल्यांदा सांगताना होता तितकाच बरोबर किंवा तितकाच चूक असतो. मधल्या एकोणपन्नास वेळांत दमलेलो असतो ते ऐकणारे आपण.